चैत्रात छाटलेल्या काड्या

माझे वडील उपदेशक होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. अगदी खरं सांगायचं तर एक झाला होता. पण मुलीचं लग्न जमेना म्हणून तो पुन्हा भावकीत गेला, आणि वडील त्या मुलीच्या लग्नाला जाऊन पंगतीत जेवून आले. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, लोकांना त्याचं जाणं जेवढं लागलं नाही तेवढं वडिलांचं जेवणं लागलं.

आम्ही दापोडीला रुळांच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. आई माझ्या लहानपणीच गेली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. वडिलांचं क्षेत्र मात्र चाकणच्या पुढे होतं. 'क्षेत्र' हा मिशनचा शब्द. फार पूर्वी एका गोऱ्या साहेबाने नकाशावर पेन्सिलीने एक गोल काढला, तो वडिलांच्या हातात दिला आणि स्वतः उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरला गेला. त्या गोलात किती ओढे आहेत आणि पावसाळ्यात किती गावं तुटतात याची त्याला कल्पना नव्हती. वडील सोमवारी सकाळी सायकलवर बसून भोसरीच्या रस्त्याला लागत आणि गुरुवारी संध्याकाळी परत येत. पिशवीत शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, चित्रांची गुंडाळी, टिंक्चर आयोडीनची बाटली, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणि कोरी पोस्टकार्डं.

गावांत त्यांना 'मास्तर' म्हणत, कारण ते लोकांची पत्रं वाचून दाखवत आणि लिहूनही देत. कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला की त्याला मिशनच्या दवाखान्यात पोचवत. संध्याकाळी चावडीपाशी चित्रं उलगडून गोष्ट सांगत. लोक मन लावून ऐकत. शेवटी कुणीतरी विचारी, "मास्तर, ही मेंढरं कुठल्या बाजूची? कान लई लांब हायेत." मग मेंढरांवर बोलणं सुरू होई आणि मेंढपाळ मागे राही.

दर वर्षी मार्चअखेर या सगळ्याचा अहवाल पाठवायचा असे. त्यासाठी एक छापील कागद येई. त्यावर पाच रकाने होते: गावभेटी, सभा, वाटलेली पत्रकं, चौकशी करणारे आणि शेवटचा, बाप्तिस्मे. पहिले तीन वडील उत्साहाने भरत. चौथ्यापाशी जरा थांबत, कारण मेंढरांची चौकशी करणारे त्यात धरावेत की नाही हा प्रश्न असे. पाचव्या रकान्यात, एक वर्ष सोडलं तर, ते फक्त एक आडवी रेघ ओढत. ती इतकी फिकट असे की छपाईतला दोष वाटावी. साहेब लोकांच्या काळात त्या रेघेबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. एका वृद्ध साहेबाने एकदा समासात लिहिलं होतं, 'धीर धरा'. ते वाक्य वडिलांना स्वतःसाठी आहे की साहेबाने स्वतःलाच बजावलं आहे, हे कधी ठरवता आलं नाही.

मी सांगतो आहे त्या वर्षी वडिलांचा हात कापू लागला होता. मी तेव्हा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात लागलो होतो. प्रयोगशाळेत नोंदी ठेवण्याचं काम. तिथे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे रकाना कधी कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर शून्य लिहायचं. कोऱ्या जागेत मागाहून कुणीही काहीही भरू शकतं. हा नियम मला फार आवडला होता. त्या वयात मला नेमकेपणा आणि खरेपणा एकच वाटत.

तर त्या वर्षीचा अहवाल मी भरला. काळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात. पाचव्या रकान्यात चांगलं गोल शून्य काढलं.

वडिलांनी कागद उजेडाकडे धरला.

"शून्य काढलंस होय?"

"मग काय काढू? एकही नव्हता ना, बाबा?"

"नव्हता," ते म्हणाले. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

साहेब लोक तोपर्यंत बहुतेक मायदेशी परतले होते. कारभार आपल्या माणसांच्या हाती आला होता, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. साहेबाच्या खुर्चीवर आपला माणूस, मंडळ्यांचा चिटणीस, बसला. खुर्ची मात्र तीच राहिली. नव्या चिटणीसांना चैत्रातही कोट लागे. भाषणापूर्वी आपली ओळख कुणी करून द्यायची, कोणत्या क्रमाने करून द्यायची आणि टाळ्या कुठे व्हायच्या हे ते आधी लिहून पाठवत. ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या, सणानंतरच्या आठवड्यात मंडळ्यांचा वार्षिक मेळावा भरे. त्या वर्षी तो आमच्याकडे होता आणि प्रमुख उपदेश चिटणीसांचा होता. विषय, द्राक्षवेल.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या शास्त्रात प्रभू शिष्यांना आपल्या मरणाच्या आधी सांगतो की मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात आणि माझा पिता माळी आहे. फाट्याने वेलात राहावं, म्हणजे त्याला फळ येईल. जो फळ देतो त्याची छाटणी होते, म्हणजे त्याने अधिक द्यावं. जो देत नाही तो काढून टाकला जातो, वाळतो आणि जळणात जातो. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने आमच्या लोकांची जितकी झोप उडवली तितकी नरकाच्या वर्णनांनीही उडवली नसेल. नरक दुसऱ्यांसाठी असतो. फाटे म्हणजे आपणच.

चिटणीसांनी वडिलांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो.

"उपदेशक, तुमच्या भागात द्राक्षं होतात म्हणे. एक चांगलासा वेल आणा. व्यासपीठावर उभा करू."

"उपटलेला वेल कसा उभा राहायचा, साहेब?"

"मग फाटे आणा. आपला विषय फाट्यांचाच आहे."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आम्ही दोघं दोन सायकलींवर चाकणच्या पुढे गेलो. वडिलांच्या ओळखीचा एक माळी तिथे ओढ्याकाठी राहत असे. वयाने त्यांच्याच बरोबरीचा, अंगाने वाळका, जिभेने तिखट. त्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले भोकरी जातीच्या द्राक्षांचे वेल होते, थोडेच, पण त्या भागात तेवढेही अपूर्वाईचे. वडील दर मंगळवारी त्याच्याकडे जात, हे मला माहीत होतं. तिथे नेमकं काय करत हे माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं. ते विहिरीच्या धक्क्यावर बसत आणि तो काम करत असे.

"या मास्तर! सलाम," माळी म्हणाला. आमच्या लोकांचा सलाम त्याने वडिलांपुरता उचलला होता. मग माझ्याकडे बघून, "आज लेकबी आनला का? त्याला तरी बाटवला का न्हाई अजून?"

वडील हसले. मीही हसलो. मंडळीच्या वहीत माझं नाव जन्मापासून होतं, पण प्रभूभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मी दोन वर्षं उभा राहिलो नव्हतो. घरात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. मी तेव्हा वाचनालयातून पुस्तकं आणून रात्रीचा दिवस करत होतो, आणि माझ्या मते देवाचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता.

वेलांकडे बघून मी चरकलो. माळ्याने ते अक्षरशः सोलून काढले होते. पांगाऱ्याला चिकटलेलं काळपट खोड आणि त्यावर बोटाबोटाचे खुंट, बाकी काही नाही. कापल्या जागेतून पाणी गळत होतं. खाली काड्यांचा हा ढीग.

"हे काय, सगळंच कापलंत?" मी म्हणालो.

"मंग? ठिवून काय पूजा करू? ही खरड छाटणी हाय. ह्या समद्या काड्यांनी शिमग्याला घड दिलं. आता ह्यांच्यात दम न्हाई. बुडाशी येक डोळा ठिवायचा, बाकी खरडून काढायचं. आता जी नवी काडी येईल तिला आश्विनात पुन्ना कात्री. मंग तिला माल येतो."

"म्हणजे फळलेल्याच तोडायच्या?" वडिलांनी विचारलं. बावीस वर्षं त्या धक्क्यावर बसलेल्या माणसाने हे विचारावं याचं मला नवल वाटलं. आता वाटतं, त्यांना उत्तर ठाऊक होतं. पुन्हा ऐकायचं होतं.

"फळल्या त्याबी, न फळल्या त्याबी. कात्रीला काय दिसतंय, मास्तर? पर ह्या फळलेल्या. माझ्या हातानं उतरवलाय माल."

वडिलांनी काय हवं ते सांगितलं. माळ्याला ते पटलं नाही. वाळक्या काड्या मांडवात लावून कुणाची शोभा होणार, असं त्याने विचारलं. तरी त्याने चांगल्या लांब काड्या निवडल्या, सुंभाने मोळी बांधली आणि माझ्या सायकलच्या कॅरियरवर आवळली. "जळणालाच काढल्या व्हत्या," तो म्हणाला. "देवाच्या कामाला लागूंद्यात."

मेळाव्याला मोठा मांडव घातला होता. कमानीवर झेंडूच्या माळा होत्या, व्यासपीठावर मखमली खुर्ची होती, आणि ती कुणासाठी आहे हे कळावं म्हणून बाकीच्या लाकडी होत्या. दोन स्वागतं झाली. स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. मग चिटणीस उठले. काड्यांची मोळी त्यांच्या हाताशी ठेवलेली होती आणि एकेक काडी द्यावी लागेल म्हणून वडील पुढच्याच बाकावर कडेला बसले होते. मी त्यांच्या शेजारी.

चिटणीसांनी एक काडी उचलून उंच धरली.

"हिच्यावर काय दिसतं?"

"काही नाही," लोक म्हणाले.

"एक द्राक्ष? एक पान?"

"काही नाही!" मुलांना मजा वाटू लागली होती.

"काही नाही," चिटणीस म्हणाले. "हा फळ न देणारा फाटा."

मी वडिलांना कोपर मारलं. "सांगा ना, बाबा. शिमग्यालाच घड दिलेत हिने."

"गप बस. उपासना चालू आहे."

आता काडी मोडायची होती. ती मोडेना. वरून वाळल्यासारखी दिसत होती, पण आत ओल होती. साल सुटेना. चिटणीसांनी ती एकदा वाकवली, पिळली, गुडघ्यावर दाबली. मांडवात कुणीतरी खोकलं. अखेर त्यांनी ती हळूच खुर्चीखाली सरकवली आणि आवाज चढवला.

"आपल्यातही असे फाटे आहेत, बंधुभगिनींनो. बावीस वर्षं एका क्षेत्रात मेहनत चालली आहे. मंडळीच्या मुळाचा रस घेतला जात आहे. आणि फळ? मी कुणाचं नाव घेणार नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. बावीस वर्षं एकाच क्षेत्रात असलेला माणूस त्या मांडवात एकच होता. माना वळल्या.

"मागच्या वर्षांचे अहवाल संदिग्ध असत," चिटणीस पुढे म्हणाले. "या वर्षीचा, देवाची कृपा, अत्यंत स्पष्ट आहे."

माझ्या अक्षराची जाहीर तारीफ आयुष्यात तेवढी एकदाच झाली.

वडिलांनी मान खाली घातली नाही. ते समोर बघत राहिले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.  उपदेश संपल्यावर त्यांनी उरलेल्या काड्या गोळा केल्या, सुंभ पुन्हा आवळलं आणि मोळी मांडवामागच्या चुलीपाशी नेऊन दिली. संध्याकाळी मेळाव्याचा चहा त्यावर झाला. मी तो घेतला नाही. वडिलांनी घेतला.

महिन्याभरात पत्र आलं. क्षेत्र बंद करण्यात येत आहे. उपदेशकांनी केलेल्या दीर्घ सेवेबद्दल मंडळी ऋणी आहे. त्यांनी इच्छा असल्यास रविवारी चर्चची घंटा वाजवण्याकडे लक्ष द्यावं.

वडील सोमवारी सकाळी उठत, सायकल पुसत आणि भिंतीला टेकवून ठेवत. पावसाळा सुरू झाला तसा त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हृदय थकलं आहे असं सांगितलं. मी रोज पिंपरीत जे औषध बाटल्यांत भरताना बघत होतो, ज्याच्यासाठी लांबलांबून पाहुणे येऊन हार घालून घेत होते, त्याचा या दुखण्याला काही उपयोग नव्हता.

मंडळीतली वडीलधारी माणसं समाचाराला येऊ लागली. ती शास्त्र घेऊन येत, आणि बोलणं फिरून फिरून वेलावर येई. तीन मतं होती. एक म्हणे, जो फाटा तोडला गेला तो मुळात वेलाचा नव्हताच, नुसता अडकलेला होता. दुसरा म्हणे, तसं नाही, होता, पण तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, हातचं जाऊ शकतं, सांभाळावं लागतं. तिसरा मवाळ होता. त्याचं म्हणणं, जातं ते तारण नव्हे, नुसती सेवा जाते. माणूस वाचतो, काम जळतं. तिघंही माझ्या वडिलांच्या खाटेच्या कडेला बसून, वडिलांनीच उठून केलेला चहा पिऊन, भांडत. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं: तो फाटा आपण नाही.

एकदा ते गेल्यावर वडिलांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मला हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. मी आनंदाने व्याख्यान सुरू केलं. हा दृष्टांत आहे, तो असा खिळ्याने ठोकून बसवायचा नसतो. फळ म्हणजे बाप्तिस्मे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. प्रीती, सहनशीलता, ममता, हीही फळंच. शिवाय ज्याने तो उपदेश केला त्याने द्राक्षाचा मळा बघितलेला नाही. चैत्रात तोडलेली काडी फळून चुकलेली असते, हे तुम्ही स्वतः ऐकलंत.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते सगळ्यांचंच ऐकून घेत.

"हे मी लोकांना पुष्कळ सांगितलंय," ते म्हणाले. "स्वतःला सांगायला गेलं की तोंडातच राहतं."

"पण खरं आहे ना?"

"असेल. फळाचं मला एवढं काही नाही रे. वेलात होतो का नव्हतो, एवढं कळलं असतं म्हणजे झालं असतं." जरा थांबून ते म्हणाले, "ती काडी फळली होती हे माळ्याला ठाऊक होतं, कारण त्याने घड उतरवले होते. माझं कुणी उतरवलंय?"

 मला एक युक्ती सुचली. दसऱ्यानंतरच्या सुट्टीला मी चाकणची मोटार पकडली, पुढे चालत गेलो आणि माळ्याला म्हटलं, मास्तर आजारी आहेत, भेटायला चला. तो छाटणी अर्धी टाकून निघाला. मोटारीत मी हळूच त्याला समजावू लागलो. मास्तर कष्टी आहेत. आपलं सगळं वाया गेलं असं त्यांना वाटतं. तुम्ही एवढंच म्हणायचं, की तुमच्या शिकवणीने माझ्यात फरक पडला.

"खोटं बोलू म्हनता?"

"खोटं नव्हे. थोडंसं चढवून."

"त्यालाच खोटं म्हनत्यात आमच्याकडं," तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला. मोशी आली. मग म्हणाला, "बघू."

त्याला दारात बघून वडील उठून बसले. त्याने पानाची चंची सोडली, खाटेखाली जमिनीवर बसला, आणि पहिली पाच मिनिटं वडील किती वाळले आहेत यावर त्यांना रागे भरला. मग दोघं गप्प बसले. त्यांच्या मंगळवारच्या गप्पा अशाच असणार. शेवटी वडिलांनी विचारलं.

"बावीस वर्षं येत होतो तुझ्याकडे. खरं सांग. कधी वाटलं का तुला, याच्या बोलण्यात काही आहे?"

मी माळ्याकडे डोळे लावून बसलो होतो. त्याने सुपारी कातरायची थांबवली.

"न्हाई मास्तर," तो म्हणाला. "तुमचा देव काय मला पटला न्हाई. गोष्टी चांगल्या व्हत्या. पर आमच्याबी हायत."

"आणि मी?"

"तुमी चांगला मानूस. पर चांगली मानसं आमच्यातबी हायतच की."

मला त्याला उचलून बाहेर घालावंसं वाटलं. वडील मात्र हसले. मेळाव्यानंतर ते हसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आता माझी म्हातारी," माळी पुढे म्हणाला, "तिचं डोळं तुमी दवाखान्यात नेऊन करून आनलं. ती मरस्तवर रोज दिवा लावताना म्हनायची, देवा, मास्तरला सुखी ठिव."

"कुठल्या देवाला?"

"खंडोबाला."

"खंडोबाला सांगायची? माझ्यासाठी?"

"मंग कुनाला सांगनार? तिच्या वळखीचा त्योच."

वडील इतके हसले की त्यांना ढास लागली. मी पाणी दिलं. ढास थांबल्यावरही ते अधूनमधून 'खंडोबाला' म्हणून हसत होते. माळी निघाला तेव्हा त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या दिवशी ते नीट जेवले. मला वाटलं, युक्ती फसली तरी काम झालं.

दफनविधीचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार थोडं आहे. ते गेले तो नाताळच्या आधीचा महिना होता. चिटणीस कोट घालून आले. 'फलद्रूप जीवन' असा शब्द त्यांनी दोनदा वापरला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दफनाच्या वेळी तसं बोलतात. माळ्याला मी निरोप पाठवला होता, पण तो उशिरा पोचला. फाटकाबाहेर चपला काढून उभा होता. आत या म्हटलं तर म्हणाला, "तुमचं होऊंद्या. मी मागनं माती टाकीन." सगळे गेल्यावर त्याने टाकली.

आता ते गेले त्या सकाळचं. माझी पहिली पाळी होती. बाहेर उजाडलं होतं. मी डबा भरून, डोक्याला तेल लावून निघण्याच्या तयारीत होतो. रात्री वडिलांना झोप लागली नव्हती, पण चेहरा शांत होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खाटेवर बसायला सांगितलं.

"माळ्याचं काही नाही," ते म्हणाले. "तो सरळ माणूस आहे. त्याचं तो आणि देव बघून घेतील. बाकीच्या गावांचंही तसंच." दम घेऊन म्हणाले, "तू तरी आहेस का रे वेलात?"

बाहेरून मालगाडी जाऊ लागली. आमच्या खोल्यांत मालगाडी जाताना बोलणं थांबवावं लागे, भांडी हलत. ती लांबलचक गाडी होती. तेवढा वेळ मला विचार करायला मिळाला. दोन उत्तरं होती. एक खरं होतं. माळ्याने असंच खरं उत्तर दिलं होतं आणि त्यावर ते पोटभर हसले होते, हे मी बघितलं होतं. पण माळी परका होता. त्याच्या 'न्हाई'ने त्यांचं काही जाणार नव्हतं. त्यांचं सगळं आता माझ्यापाशी येऊन थांबलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो रकाना कोरा सोडावासा वाटला. ते जमण्यासारखं नव्हतं. ते माझ्याकडेच बघत होते.

गाडी गेली.

"आहे, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांनी बावीस वर्षं चावड्यांवर लोकांचे चेहरे बघितले होते. कोण ऐकतो आहे आणि कोण नुसता मान हलवतो आहे हे त्यांना चटकन कळे.  माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी दोनदा हलकेच थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं, आणि हात काढून घेतला.

"बरं," ते म्हणाले. "नीघ आता. शिफ्ट चुकेल."

मी सायकल काढली. दुपारी पाळी सुटून परतलो तेव्हा दारात पुष्कळ चपला दिसल्या.

शिफ्ट चुकली नव्हती.